निर्मला नाईट क्लब, दुपारी बारा ते चार

आमचे दाजी सोलापुरात नाईट क्लब चालवतात आणि तो दुपारी बारा वाजता उघडून चारला बंद होतो. ही गोष्ट मी आजवर इतक्या लोकांना समजावून सांगितली आहे, की आता कुणी विचारलं तर मी सरळ 'त्यांचं चष्म्याचं दुकान आहे' असं सांगून मोकळा होतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरचं नाव चन्नबसप्पा, धंद्यातलं नाव डीजे चन्ना. वय साठीच्या पुढे. अंगात पांढरी सफारी, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे आणि डोळ्यांवर काळा गॉगल. हा गॉगल ते बाहेर उन्हात काढून ठेवतात आणि आत अंधारात घालतात. त्यामुळे क्लबातल्या प्रत्येक खांबावर ते निदान एकदा तरी आपटलेले आहेत. मी एकदा म्हटलं, दाजी, निदान आत तरी काढत जा. त्यावर म्हणाले, "तसं न्हाय वो पाव्हणं. डीजे हाय म्हणून समजलं पायजे की लोकांना." विभूती लावलेला डीजे उभ्या महाराष्ट्रात दुसरा नसावा, पण ओळख पटण्यासाठी दाजींना तो गॉगलच लागतो.

माझं वह्यापुस्तकांचं दुकान त्याच इमारतीत खाली आहे. सोलापुरात दुपारी दुकानं बंद ठेवतात ती उगीच नाही. एप्रिलच्या उन्हात गिऱ्हाईक तर सोडाच, कुत्रंही रस्त्यावर येत नाही. घरी जावं, आमटी-भाकरी खावी, पंखा लावून फरशीवर आडवं व्हावं आणि चारला चहा घेऊन पुन्हा शटर उघडावं, हा आमचा पिढीजात सुखाचा कार्यक्रम. माझी ती झोप दाजींनी कायमची घालवली. 'पाव्हणं, तुमचं दुकान तर बंदच असतंय की दुपारी,' असं म्हणून त्यांनी मला तिकिटाच्या खिडकीवर बसवलं. मेव्हण्याच्या नात्यात नाही म्हणायची सोय नसते. लग्नात एकदा त्यांचा कान पिळला होता, त्याची परतफेड मी अजून करतो आहे.

दुपारी का, हे विचारायची चूक मी सुरुवातीलाच केली. दाजींनी मला समोर बसवून शांतपणे सांगितलं, की सोलापूरचा माणूस रात्री झोपतो. त्याला उठवून नाचायला लावणं हा अधर्म. दुपारी मात्र तो नुसता घामाघूम होऊन पडलेला असतो. "आन् रात म्हंजे तरी काय वो? अंधार आन् गारवा. ते मी दोन्ही दुपारी देतोय की." खिडक्यांना काळे पडदे, तीन मोठे एसी, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून चारी भिंतींना खिळ्यांनी ठोकलेल्या सोलापुरी चादरी. मोराच्या नक्षीच्या. रंगीत दिवे फिरायला लागले की शंभरेक मोर एकदम निळे होतात, मग तांबडे, मग हिरवे. नवा माणूस आत आला की त्याला आधी गरगरतं आणि मग धुळीनं शिंका येतात.

या माणसाला हे वेड लागलं कुठून, हा प्रश्न त्यांच्या गावी, दुधनीतही विचारला जातो. वडिलांची तिथं आडत होती. तुरीच्या नि हरभऱ्याच्या पोत्यांत वाढलेला मुलगा पोत्यांवरच थापा मारत बसायचा. आडत धाकट्या भावाला देऊन दाजी निघाले ते आधी बेंजो पार्टीत गेले, मग त्यांनी स्वतःचा साउंडचा ट्रक घेतला, मग त्या ट्रकच्या आवाजानं कुणाच्या तरी दुकानातल्या बांगड्यांचं सगळं कपाट खाली आल्यावर ट्रक विकून म्युझिक कंपनी काढली. कंपनी म्हणजे आमच्या घरातली मागची खोली आणि भिंतीला लावलेल्या गाद्या.

कंपनीची कल्पना वाईट नव्हती. प्रत्येक गावाला यात्रेसाठी आपल्या गावाचं म्हणून एक गाणं हवं असतं. दाजी ते करून द्यायचे. चाल एकच, गाणारा एकच, फक्त गावाचं नाव बदलायचं. पहिलं गाणं कुर्डुवाडीचं केलं. त्यात जंक्शनचं, रेल्वेच्या कारखान्याचं भरपूर कौतुक होतं. ते गाजलं. मग मोडनिंबकरांनी मागितलं. दाजींनी गाव बदललं, कडव्यातला कारखाना मात्र तसाच राहिला. यात्रेच्या दिवशी सगळ्या मोडनिंबनं भोंग्यावर ऐकलं, की आपल्या गावात रेल्वेचा मोठा कारखाना आहे. दुसऱ्या दिवशी चार माणसं जीप करून आमच्या दारात हजर, कारखाना कुठं आहे ते दाखवा म्हणाली. मी मागच्या दारानं सटकायच्या बेतात होतो. दाजींनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "हुईल की वो. गाणं आदी झालंय, कारखाना मागनं येतोय." ती माणसं हसत परत गेली, आणि पुढच्या वर्षीही तेच गाणं वाजवलं. अशा माणसाशी भांडण तरी कसं करावं?

क्लबच्या उद्घाटनाला मात्र भांडायची वेळ खरोखर आली. निमंत्रणपत्रिका छापायचं काम माझ्याकडे होतं, पण मजकूर दाजींनी परस्पर छापखान्यात दिला. लग्नपत्रिकेचाच मजकूर. सहकुटुंब सहपरिवार, इष्टमित्रांसह, आगमन प्रार्थनीय. वर गणपती आणि खाली 'निर्मला नाईट क्लब'. लोकांचा समज झाला की वास्तुशांत आहे. दुपारी साडेबाराला सगळं गणगोत लोटलं. टॉवेल-टोपी, नारळ, स्टीलचे डबे असा आहेर घेऊन. बायका हळदीकुंकवाचं ताट कुठं आहे ते विचारत होत्या. दाजींनी मायक्रोफोनवर सगळ्यांना डान्स फ्लोअरवर यायची विनंती केली. लोक आले, आणि समोरासमोर दोन ओळी धरून मांडी घालून बसले. पंगतीला.

आत खायला काय होतं, तर सोडा आणि खारे शेंगदाणे. मी दाजींच्या कानात सांगितलं, की लोकांना खरं काय ते सांगून टाका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाण बोललो आहे. "बसलेल्या माणसाला उठवायचं व्हय, पाव्हणं?" त्यांनी तासाभरात कुठून तरी हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, भात आणि आमटीची पातेली मागवली. फिरत्या दिव्यांत आमटी कधी हिरवी दिसे, कधी जांभळी. आपल्या पानात काय पडलंय ते कुणालाच नीट कळत नव्हतं, पण सगळे पोटभर जेवले.

त्या दिवसापासून क्लबात रोज दीड वाजता पंगत बसते. गाणं मध्येच थांबतं, दाजी मायकवर 'ऊट आतेन्री?' असं कानडीत विचारतात, म्हणजे जेवण झालं का, आणि नाचणारे लोक हात धुवायला जातात.

आता क्लबच्या नावाकडे येतो, कारण खरं दुखणं तिथंच आहे. निर्मला हे माझ्या बहिणीचं नाव. अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई आहे. कडक, नीटनेटकी, चारचौघांत आवाज न चढवणारी. दाजींनी तिला काहीही न सांगता ही पाटी बनवून रस्त्यावरून दिसेल अशी जिन्याच्या माथ्यावर लावून घेतली, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी रिक्षात बसवून दाखवायला आणली आणि पाटीवरचा कपडा ओढला. गुलाबी दिव्यांनी काढलेलं स्वतःचं नाव आणि त्यापुढं 'नाईट क्लब' हे शब्द वाचून अक्का रिक्षातून उतरलीच नाही. पुढच्याच आठवड्यात शाळेत हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं, बाई, जोडधंदा सुरू केला म्हणे. त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं सांगून टाकलं, की ती पाटी असेपर्यंत मी त्या जिन्याची पायरी चढणार नाही. दाजी म्हणाले, पाटी तर निघणार नाही. दोघांचाही आवाज चढला नाही आणि दोघांचाही शब्द कितीतरी वर्षं मोडला नाही.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दाजी तिला विचारायचे, आज येतेस का? ती विचारायची, पाटी काढली का? ते नाही म्हणायचे. ती म्हणायची, मग चहा घ्या. बाकी संसार अगदी व्यवस्थित चालला होता. पण या माणसाला आयुष्यात एवढंच हवं होतं, की अक्कानं एकदा वर येऊन त्याचा क्लब बघावा. पुण्याहून दिवे आणले, अक्काला दाखवायचे आहेत. लाकडी फ्लोअर घातला, अक्काला दाखवायचा आहे. मी कितीदा सांगितलं, दाजी, पाटीवरचं नाव बदला, 'चन्ना' करा, 'मयूर' करा, भिंतीवर मोर आहेतच. म्हणे, "तिच्या नावानं केलंय वो. दुसऱ्याचं कसं लावणार?" मग अक्काकडे जाऊन सांगावं, तर ती वह्या तपासता तपासता म्हणायची, तुला काय कळतंय त्यातलं. दोन्हीकडून मीच मूर्ख.

आणि आता तिकिटाबद्दल, ज्यानं माझं रक्त रोज आटतं. जगात सगळीकडे अशा ठिकाणी एकट्या माणसाला दारातून परत पाठवतात आणि जोडप्याला आत घेतात. आमच्याकडे एकट्याला फुकट आणि दोघांना तिकीट. दाजी स्वतः दाराशी उभे राहतात. कुणी एकटं आलं, की त्यांचा चेहरा फुलतो. "एकटंच व्हय? या, या." जोडपं आलं की चेहरा पडतो. "दोघं हाय? मंग तिकीट घ्या की." मी वैतागून कारण विचारलं, तर मला म्हणाले, "दोघांस्नी एकमेक हाय की वो. त्यास्नी गाणंबी फुकट कशाला?"

याचा परिणाम काय व्हायचा तो झाला. नवी लग्न झालेली जोडपीसुद्धा जिन्यात सुटी होतात आणि मागंपुढं, एकमेकांना न ओळखल्यासारखी वर येतात. एक जोडपं तर खालीच भांडण झाल्याचं दाखवून दहा मिनिटांच्या अंतरानं आलं. आत गेल्यावर हातात हात घालून नाचायला लागलं. मी चिडून दाजींना बोलावून दाखवलं. ते कौतुकानं बघत राहिले आणि म्हणाले, "बगा, हितंच जमलं त्यांचं."

बाकी येतात ते खरोखरचे एकटे. एसटीतून रिटायर झालेले शेखचाचा रोज बाराच्या ठोक्याला हजर असतात. ते नाचतात म्हणजे एक हात वर करून, जणू गाडीतला दांडा धरला आहे अशा बेतानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत हलत डुलत जातात आणि परत येतात. एकदा त्यांना म्हटलं, चाचा, घरी आराम करायचा सोडून रोज एवढे जिने चढता. ते म्हणाले, "घर में बात करने कू दीवारां हैं मियाँ. यहाँ कम से कम दीवारां पो मोर तो हैं." दुसऱ्या पद्मम्मा. नवरा होता तोवर घरचे माग चालवायच्या, आता माग गेले, नवरा गेला, मुलं सुरतेला. त्या नाचत नाहीत. एसीखाली खुर्ची टाकून बसतात आणि पंगत बसली की सगळ्यांना वाढतात. या दोघांकडून दाजींना एक पैसा मिळालेला नाही आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नाही.

अशानं धंदा चालतो का? यंदा इमारतीचे मालक कुजबुजायला लागले, की कोचिंग क्लासवाल्यांना हा मजला हवा आहे, दिवाळीपर्यंत काय ते ठरवा. दाजी निवांत. झोप उडाली माझी, म्हणजे रात्रीची, कारण दुपारची आधीच गेलेली होती. शेवटी मी खटपट करून पुण्याहून एका साहेबांना बोलावलं. त्यांचे तिकडे दोन-तीन क्लब आहेत. बारीक दाढी, घोट्याच्या वर संपणारी पँट. त्यांना क्लब अनपेक्षितपणे आवडला. चादरीवरून हात फिरवत ते म्हणाले, हे फार ऑथेंटिक आहे. दुपारची आयडिया युनिक आहे. पंगत तर फारच युनिक आहे. ते भागीदार व्हायला तयार झाले, पाटी तशीच ठेवायलाही तयार झाले. मी मनातल्या मनात सिद्धेश्वराला नारळ बोललो.

मग पंगतीनंतर, सगळे सुपारी चघळत बसलेले असताना, साहेबांनी त्यांची एकच अट सांगितली. सिंगल लोकांची एंट्री बंद करायची. फक्त कपल्स. हे एकटे बसलेले म्हातारे दिसले की क्राउडचा मूड जातो, म्हणाले. शेखचाचा दोन हातांच्या अंतरावर बसले होते, त्यांनी मान खाली घातली. मी दाजींकडे असं पाहिलं, की एवढं एकदा हो म्हणा, पुढचं पुढे बघू.

दाजींनी गॉगल काढला. अंधारात त्यांचे डोळे मी बऱ्याच वर्षांनी पाहिले असतील.

"मंग पैलं मला भाईर काढावं लागतंय, सायब," ते म्हणाले. "आमची मंडळी हितं येत न्हाईत. मी रोज एकटाच येतोय आन् एकटाच जातोय."

साहेबांना वाटलं, विनोद आहे. ते हसले. मग कुणीच हसत नाही म्हटल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि हायवेला ट्रॅफिक लागेल म्हणून उठले. दाजी त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेले आणि जाताना त्यांच्या हातात शेंगाचटणीची पुडी दिली. माझं डोकं फुटायची वेळ आली होती. एवढं जमत आणलेलं काम या माणसानं एका वाक्यात मातीत घातलं होतं.

मी तसाच तणतणत अक्काकडे गेलो. शनिवार होता, ती शाळेतून येऊन स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती. मी सगळं सांगितलं. भागीदार कसा मिळवला, तो कसा पाटीसकट तयार झाला होता आणि तुझ्या नवऱ्यानं कसं सगळं घालवलं. तू एकदा खडसाव त्यांना, तुझंच ऐकतील, म्हणालो. वेडेपणाचा पुरावा म्हणून दाजींचं ते वाक्यही जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

अक्काचा हात थांबला. "असं म्हणाले?"

"असंच म्हणाले. परक्या माणसासमोर. शेखचाचा, पद्मम्मा, सगळे बसले होते."

दाणे करपायला लागले, तेव्हा मीच गॅस बंद केला. तिनं दाजींना एक शब्द बोलावा म्हणून मी बराच वेळ थांबलो, पण तिनं मला चहासुद्धा विचारला नाही. तीही त्यांच्यासारखीच झाली आहे, असं मनाशी म्हणत मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी खिडकीवर पेंगत बसलो होतो. दाजी आत यंत्रापाशी होते, कारण त्या दिवशी दाराशी उभं राहायचं त्यांना बहुधा सुचत नसावं. जिन्यावर पावलं वाजली आणि मी पाहिलं, तर अक्का. शाळेत जाताना नेसते तसली इस्त्रीची सुती साडी, काखेत पर्स. डोक्यावर ती गुलाबी पाटी जळत होती, तिच्याकडे तिनं एकदा मान वर करून नीट पाहिलं आणि शेवटची पायरी चढून खिडकीपाशी आली.

रोजच्या सवयीनं माझ्या तोंडातून निघालं, "अक्का, एकटीला तिकीट नसतंय. तशीच जा."

तिनं पर्स उघडली. "दोघांचं दे."

मी तिच्या मागं पाहिलं. जिना रिकामा होता. "दुसरं कोण?"

"आत हाईत की," अक्का म्हणाली.

मी तिकीट फाडून दिलं. या दोघांनी इतकी वर्षं आपल्याला उगीच मध्ये ताटकळत ठेवलं म्हणून रागही येत होता. अक्कानं तिकीट घेतलं, चपला दाराबाहेर काढून ठेवल्या आणि पडदा बाजूला केला. मीही उठून तिच्या मागं जाऊन उभा राहिलो.

गाणं मध्येच बंद पडलं. शेखचाचा एक हात वर धरून फ्लोअरवर तसेच उभे राहिले. पाणी मागायलासुद्धा मायक वापरणारे आमचे दाजी यंत्रामागून बाहेर आले, गॉगल कपाळावर चढवला आणि मायकशिवाय, घरात बोलतात तेवढ्याच आवाजात म्हणाले, "आलीस?"

"आले," अक्का म्हणाली.

मी पडदा सोडला आणि माझ्या खिडकीवर जाऊन बसलो.